जुन्या ट्रॅक्टरला कुठली बॅटरी बसेल? लेबल पार खाल्लं गेलंय

जुनं_डिझेल
ट्रॅक्टर तीन सिलिंडरचा, ३५ एचपी, डिझेल. अल्टरनेटर नाही, डायनॅमो आहे. बॅटरी रात्रीत उतरते आणि सकाळी सेल्फ नुसता ‘टक्’ करून गप्प. लेबल ॲसिडने खाल्लंय, ‘१२ व्होल्ट’ एवढंच दिसतं. एक जण म्हणतो ८८ आंपियर-तासाची (Ah) घे, दुसरा म्हणतो एवढी मोठी लावलीस तर सेल्फ जळेल. तिसरा कारची सीलबंद बॅटरी द्यायला तयार आहे. ट्रे आतून ३१ बाय १८ सेंमी, बॉनेटपर्यंत उंची २५. काय घेऊ?

बांधावरचा
बसेल तेवढी मोठी घाला आणि मोकळे व्हा. धक्का मारायला माणसं गोळा करण्यापेक्षा बरं.

वायरिंगवाला
सेल्फ जळायची भीती आधी डोक्यातून काढा. बॅटरी कितीही मोठी असो, सेल्फ त्याला लागतो तेवढाच करंट ओढतो. उलट मेलेल्या बॅटरीवर बटण दाबून धरलं की तो तापतो. तुमच्या इंजिनाला ७५ पण चालेल, ८८ पण चालेल. मोठी घेतली आणि कधी पूर्ण उतरली, तर मात्र डायनॅमोच्या भरवशावर राहू नका. आयडलला तो जवळजवळ काहीच देत नाही. चार्जरला लावा, ८८ ला साधारण ९ आंपियरने.

पण खरेदीला एवढी घाई का? ‘रात्रीत उतरते’ हे वाचून मला बॅटरीपेक्षा कटआउटचा, म्हणजे डायनॅमो आणि बॅटरीमधल्या आपोआप जोडणाऱ्या-तोडणाऱ्या स्विचचा, संशय येतोय. त्याचे पॉइंट चिकटले की इंजिन बंद असतानाही बॅटरी डायनॅमोत रिकामी होत राहते. ट्रॅक्टर चांगला थंड झाल्यावर डायनॅमोला हात लावा. इंजिन गार आणि तो कोमट, तर चोर तिथेच आहे. नाहीतर बॅटरी पूर्ण चार्ज करा आणि बॉडीला गेलेली वायर रात्रभर सोडून ठेवा. सकाळी १२.५-१२.६ दाखवले तर बॅटरीला दोष देऊ नका. सेल्फ मारताना बॅटरीच्याच पोलवर मीटर धरा. चार्ज असूनही ९.६ च्या खाली गेली तर ती संपली. १२ च्या आसपास राहिली आणि सेल्फ तरी ‘टक्’च करतोय, तर थिंबल (पोलवर बसणारं केबलचं टोक), अर्थिंग नाहीतर सोलेनॉइड (सेल्फला करंट जोडणारा स्विच) बघा.

नवी घ्यावीच लागली तर बॉडीची वायर कुठल्या पोलवरून निघते ते नीट बघून घ्या. जुन्या ब्रिटिश ट्रॅक्टरांत बऱ्याचदा प्लस बॉडीला असतो. वायरच्या रंगावर जाऊ नका, मधे कोणी काय बदललंय देव जाणे. प्लसचा पोल जाड असतो, मायनसचा त्याहून किंचित बारीक. काही बॅटऱ्यांचे दोन्ही पोल मुळातच बारीक येतात, त्यावर तुमचं थिंबल सैल बसेल. पत्र्याची पाचर ठोकून ते भागवायचं नाही. पोल आपल्या बाजूला धरून प्लस उजवीकडे येतो की डावीकडे, हेही दुकानात सांगा. ट्रॅक्टरच्या केबल जाड आणि आखूड, उलट्या बाजूला पोचत नाहीत. उंची पोलसकट मोजा. धक्क्यात पोल बॉनेटला टेकला तर ठिणग्याच.

कारची सीलबंद नको. तिला भरायला साधारण १४.४ व्होल्ट लागतात, डायनॅमोचे व्होल्ट आवरणारा जुना रेग्युलेटर तेवढे देईलच असं नाही. आणि जास्त दिले तरी वरून पाणी घालायची सोय नाही. बुचांची, ट्रॅक्टरसाठी बनवलेलीच घ्या. ढेकळांतल्या हादऱ्यांनी कारच्या बॅटरीच्या प्लेटा लवकर झडतात. आणि बॅटरी धरून ठेवणारी पट्टी आवळायला विसरू नका.

बांधावरचा
आमच्याकडचा एक जुना फोर्ड ८एन तर ६ व्होल्टचा होता, तोही प्लस बॉडीला! त्यामुळे १२ वाचता आलं हेच नशीब समजा.

जुनं_डिझेल
डायनॅमो कोमट लागला! वायर सोडून ठेवली तर सकाळी १२.५, आणि सेल्फ पहिल्या दमात फिरला. पण काका, बॉडीला प्लसच निघाला. आता कटआउट उघडायचाय, तर वायर आधी कुठली काढू? सगळे मायनस आधी म्हणतात.

वायरिंगवाला
बॉडीला जी गेलीय ती आधी काढा आणि जोडताना शेवटी. तुमच्यात ती प्लस. दुसरी आधी सोडायला गेलात आणि पाना पत्र्याला लागला की शॉर्ट. कटआउटचे पॉइंट बारीक पॉलिश पेपरने हलकेच घासा, कानस नको. स्प्रिंग वाकवू नका. नवी बॅटरी लागली तर जोडणी आहे तशीच, प्लस बॉडीला ठेवा. उलटी करायची तर डायनॅमोचं पोलरायझिंग (त्याचे प्लस-मायनस पलटवणं) आणि ॲमीटरच्या वायरी बघाव्या लागतात, उगाच कशाला हात घालता.

जुनं_डिझेल
पॉइंट घासले, आता सुटतायत. बॅटरी लोड टेस्टला नेतोय. नापास झाली तर ८० च्या आसपासची, बुचांची.