शब्द हवा आहे: 'स्ट्रेस रिलीव्हिंग'

३०४ जातीच्या स्टेनलेस स्टीलच्या तारेच्या बारीक स्प्रिंगा करतो. वळून झाल्या की आत अडकलेला ताण काढायला साधारण ३५० अंश सेल्सिअसला अर्धा तास भट्टीत ठेवतो. भट्टीशेजारी मराठीत सूचना लावायची आहे. 'तणावमुक्ती' लिहिलं, तर पोरं विचारतात शिबिर कधी आहे.

— 'अवशिष्ट प्रतिबल निवारण'. पुस्तकी आहे, पण अर्थ नेमका.

— नेमका असेल, वाचणार कोण? आमच्याकडे सरळ 'पाणी उतरवणे' म्हणतात.

— इथे पाण्याचं नाव नको. पाणी देतात ते छिन्नीला, कोयत्याला: लाल तापवायचं, बुडवायचं, की धार कडक. कात्र्या-सुऱ्यांचं ४२० स्टेनलेसही पाणी घेतं. ३०४ घेत नाही. ते कडक होतं थंडपणी, तार ओढताना आणि वळताना. त्याला १०५० अंशांपर्यंत तापवून पाण्यात बुडवलं, तर उलट मऊ पडतं! म्हणजे पाणी पाजलं आणि पाणीच उतरलं. 'पाणी उतरवणे' वाचून नव्या पोराने स्प्रिंगा लाल केल्या, तर सगळा घाणा भंगारात. आणि मध्येच, ६००-७०० अंशांवर रेंगाळल्या, तर धातूच्या कणांच्या कडेचं, गंज रोखणारं क्रोमियम कार्बनशी बांधलं जातं. पुढे तिथूनच गंज.

— बरोबर. आमची स्प्रिंग भट्टीतून मऊ होऊन येत नाही, उलट जराशी कडकच होते. फक्त किंचित उलगडते, व्यास वाढतो. साध्या कार्बन स्टीलच्या तारेची असेल तर आक्रसते. म्हणून वळतानाच तेवढं माप धरून ठेवतो. मग 'ताण काढणे' लिहू?

— 'ताण' चालेल, पण ताणाच्या (ओढून लांबणाऱ्या) स्प्रिंगा वेगळ्या असतात ना? घोळ होईल. 'शेक देणे' कसं वाटतं? आखडलेल्या पाठीला देतो तसा: मंद, आणि भाजायचं नाही. (अंगावर शेकतं तो शेक वेगळा.)

— आवडला. मग असं लिहितो: 'वळल्यानंतरचा शेक. तेल धुऊन मगच भट्टीत. ३५० अंश, अर्धा तास. लाल करू नये.' आणि रंग? फिकट सोनेरी येतो.

— भाताच्या पेंढ्यासारखा लिहा. निळा दिसला तर भट्टीचा काटा तपासा.