मदत हवी आहे: नगरपरिषदेचा कार्बन कमी करायचा आराखडा तपासायचा कसा?

नमस्कार मंडळी,

आमची 'ब' वर्ग नगरपरिषद, पश्चिम महाराष्ट्रातली, नाव मुद्दामच देत नाहीये. बरीच वर्षं प्रशासक होता, डिसेंबर २०२५ च्या निवडणुकीनंतर आता कुठे नगरसेवक आलेत. प्रशासकाच्या काळात राज्य सरकारच्या 'माझी वसुंधरा' या पर्यावरण अभियानाच्या निमित्ताने कन्सल्टंटकडून एक आराखडा करून घेतला, गुळगुळीत कागद, मुखपृष्ठावर वड. आमच्या वॉर्डच्या नव्या नगरसेविका म्हणाल्या, ताई तुम्ही बँकेत ऑडिटला होतात ना, जरा नजर टाका. आता मी जन्मभर व्हाउचर आणि कर्जाच्या फायली तपासल्या, यातलं काय कळणार, पण वाचायला घेतला तर पहिल्याच पानावर अडकले. २०३० पर्यंत उत्सर्जन अमुक टक्के कमी करणार म्हणे. कुठल्या वर्षाच्या तुलनेत? पायाभूत वर्षच दिलेलं नाही! पुढे भूमी, वायू, जल, अग्नी, आकाश अशी प्रकरणं, त्यात एलईडी, सोलर, ई-घंटागाडी, वृक्षारोपण आणि प्रत्येकापुढे खर्च. कार्बन किती वाचणार हा कॉलम मात्र अर्ध्या ठिकाणी कोरा.

तर कुठले कागद मागायचे? आणि सरकारी ऑडिटमध्ये हे बघतात का? जाणकारांनी प्लीज सांगा.

प्रतिसाद – जुना_लेखापाल

ताई, स्थानिक निधी लेखापरीक्षण होतं, पण ते मुख्यतः खर्च नियमात झाला का हे बघतात, कार्बन कमी झाला का ते नाही. तरी मागच्या वर्षांचे लेखापरीक्षण अहवाल आणि त्यांचे अनुपालन अहवाल (आक्षेपांवर पालिकेने काय केलं ते) दोन्ही घ्या, आक्षेप तसेच पडून असतील तर कारभार कसा चाललाय ते तिथेच कळतं. मग एकेका कामाची साखळी लावा: ठराव, प्रशासकीय मान्यता, निविदा, कार्यादेश, मोजमाप पुस्तिका (झालेल्या कामाच्या मापांची नोंद), देयक म्हणजे बिल. प्रशासकाच्या काळात सभेचे अधिकारही त्याच्याकडेच होते, म्हणजे प्रस्ताव आणणारा आणि मंजूर करणारा एकच. ते ठराव आधी बघा.

पैसा कुठून आला तेही बघा. पंधराव्या वित्त आयोगाचा आपल्यासारख्या शहरांचा ६० टक्के निधी पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधील होता, त्यातून सुशोभीकरण केलं असेल तर प्रश्न विचारायला जागा आहे.

प्रतिसाद – फ्यूज_उडाला

पायाभूत वर्ष नाही ना, मग तुम्हीच बनवा, अवघड नाही. महावितरणची बिलं ग्राहक क्रमांकानुसार मागा, मुख्यतः पाणीपुरवठ्याचे पंप आणि पथदिवे. रुपये बघू नका, दर बदलत राहतात, युनिट बघा. ग्रिडच्या एका युनिटला ढोबळमानाने ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड धरा. बिलावर रीडिंग प्रत्यक्ष आहे की सरासरी ठोकलंय तेही तपासा, नाहीतर सगळं गणित हवेत. एलईडी बसवल्यावर युनिट उतरले नसतील तर बहुतेक खांब वाढलेत किंवा दिवे दिवसा चालूच असतात (आमच्याकडे दोन्ही आहे).

डिझेल एका लिटरला साधारण २.७ किलो. आणि कचरा डेपो विसरू नका, ओला कचरा कुजून मिथेन होतो, शंभर वर्षांच्या हिशोबात तो कार्बन डायऑक्साइडच्या जवळपास २८ पट तापवतो. माझ्या मते आराखड्यात डेपोला एक पान आणि वृक्षारोपणाला दहा पानं असतील तर तो फोटोसाठी बनवलाय. रोपं पहिली काही वर्षं फारसं शोषत नाहीत, त्यामुळे लावली किती हे सोडा, जगली किती विचारा.

प्रतिसाद – साधा_नागरिक

आरटीआय (माहिती अधिकाराचा अर्ज) टाकताना लक्षात ठेवा, महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे, म्हणून वीजबिलं, डिझेल, ठराव असे वेगवेगळे अर्ज करा. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, उत्तराची मुदत ३० दिवस. पण त्याआधी सोमवारी दुपारी ३ ते ५ मध्ये जाऊन या, स्थानिक स्वराज्य संस्थांनी त्या वेळेत नागरिकांना रेकॉर्ड बघू द्यावं असं शासनाने २०१८ मध्येच सांगितलंय. परिपत्रकाची प्रिंट सोबत न्या, नाहीतर "साहेब मीटिंगला गेलेत" ऐकून परत याल.

धागाकर्ती

सगळ्यांचे खूप आभार, युनिटवाला मुद्दा तर डोक्यातच आला नव्हता. वीजबिलं नगरसेविका मिळवतायत. पण घंटागाड्यांच्या डिझेलचं विचारलं तर आरोग्य विभाग म्हणतो लॉगबुक ठेकेदाराकडे असतं, आमचा संबंध नाही. मग ते कसं काढायचं?

प्रतिसाद – जुना_लेखापाल

संबंध कसा नाही, बिल तर तेच पास करतात ना! करारनामा मागा. त्यात फेऱ्या, वजनकाट्याच्या पावत्या, जीपीएस अशा अटी बहुतेक असतात आणि देयकाला ते कागद जोडावे लागतात, म्हणजे पालिकेकडे असणारच. माहिती ठेकेदाराकडे असली तरी पालिकेला ती कायद्याने मागता येत असेल तर आरटीआयखाली तुम्हालाही मिळते, कलम २(च) वाचा. आणि ठेक्याच्या गाड्या आराखड्यात धरल्यात का तेही बघाच. काम ठेक्याने दिलं की धूर तेवढाच निघतो, फक्त पालिकेच्या हिशोबातून गायब होतो.