मदत हवी आहे: मित्राचा सॅक्सोफोन माझ्या ट्रॅकच्या २० सेकंद आधी संपतो (जॅझ, कम्प्युटर आणि थोडं भांडण)

नमस्कार मंडळी. हा प्रश्न संगीताचा की कम्प्युटरचा तेच कळेना म्हणून इथे टाकतोय, चुकीच्या जागी असेल तर हलवा.

मी मूळचा सावंतवाडीचा, आता पुण्यात. पेटी वाजवतो, म्हणजे भजनाला आणि डबलबारीला बसून बसून हात बसलाय, रीतसर शिक्षण नाही. मित्र गोव्याचा. फर्मागुडीला इंजिनिअरिंगला आम्ही एका खोलीत होतो. तो ऑल्टो सॅक्सोफोन वाजवतो आणि लहानपणी गावच्या चर्चच्या संगीतशाळेत शिकलेला असल्यामुळे नोटेशन पेपर वाचावा तसं वाचतो. त्याला मी पात्रांव म्हणतो, इथेही तेच लिहितो. सध्या इंग्लंडात स्विंडनला असतो (तिथे इतके गोंयकार आहेत की म्हणे कोकणी बोलून बाजार होतो), गोडाऊनमध्ये शिफ्टची नोकरी.

गणपतीत तो आला होता तेव्हा रात्री मी पेटीवर एक स्वतःची चाल वाजवत होतो, त्याने सॅक्स काढला आणि म्हणाला अरे हे ३२ बारमध्ये (बार म्हणजे चार मात्रांचा खंड) बसतं, ए ए बी ए, म्हणजे तीच चाल दोनदा, मग वेगळा मधला भाग, मग परत तीच, तो मधला भाग तेवढा दे. दिला. मजा आली. मग ठरलं की हे कम्प्युटरवर नीट करायचं, मी पियानो ड्रम बेस बघतो, तो सॅक्स तिकडून रेकॉर्ड करून पाठवतो.

माझ्याकडे जुना लॅपटॉप, रीपर (रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर), ६१ कीजचा मिडी कीबोर्ड. ड्रम आणि बेस माउसने एकेक टिंब टाकून केलेत. त्याच्याकडे साधा यूएसबी इंटरफेस (माइकचा आवाज लॅपटॉपमध्ये नेणारी डबी) आणि एक माइक. फ्लॅटच्या भिंती पातळ, शेजारी दार ठोठावतात, म्हणून तो शिफ्ट संपली की गाडी एका रिकाम्या पार्किंगमध्ये नेतो आणि मागच्या सीटवर बसून वाजवतो. माझा ट्रॅक मोबाईलवर लावून एका कानात, आणि लॅपटॉप फक्त रेकॉर्डिंगला.

आता त्रास. माझा ट्रॅक बरोबर ४ मिनिटांचा आहे. त्याची फाइल माझ्याकडे लावली की सुरुवातीला जुळते आणि मग तो पुढे पुढे पळत जातो, शेवटी जवळजवळ २० सेकंद आधी संपतो. आणि सूरही चढा. आमची पट्टी पांढरी एक (इंग्रजीतला सी), आणि तो थांबतो कुठे, तर काळी एक आणि पांढरी दोन यांच्या मध्ये कुठेतरी!! मला वाटलं ऑल्टोचं ते ट्रान्सपोझिशन (कागदावर एक सूर, ऐकू येतो दुसरा) असतं त्यात घोळ झाला आणि वर लय पळाली. मी त्याला फोनवर जरा जास्तच बोललो, की मेट्रोनोम लावून चार दिवस रियाज कर. तो म्हणाला माझ्याकडे बरोबर वाजतं. मी म्हटलं तुझ्याकडे सगळंच बरोबर असतं. आठ दिवस झाले, मेसेज बघतो, उत्तर देत नाही.

मी दरम्यान फाइल ताणून लांब केली, मग सूर खाली ओढला, मग प्रत्येक नोट ग्रिडवर (पडद्यावरच्या मात्रांच्या रेघांवर) आणून बसवली. आता जुळतंय पण सॅक्सची पिपाणी झालीय.

दुसरं म्हणजे सॅक्स काढून नुसता माझा भाग ऐकला तरी ते जॅझ वाटत नाही. स्पीड १८०, स्विंग (मात्रेच्या मधला ठोका किती उशिरा पडतो ते) ६६ टक्के, ड्रम बेस पियानो सगळं शंभर टक्के क्वांटाइझ, एक टिंब इकडचं तिकडे नाही. बायको म्हणाली टांग्याचा घोडा चाललाय. काय चुकतंय?

आणि तिसरं, ऑनलाइन एकत्र लाइव्ह वाजवता येईल असं काही आहे का? पिंग (तिकडे जाऊन परत यायला लागणारे मिलिसेकंद) १६० च्या आसपास येतं.

---

कोमल_निषाद
रुमाल टाकून ठेवते. टांग्याच्या घोड्यावर हसले, सॉरी.

---

वायरवाला
दादा, आधी मित्राची माफी मागा, मग पुढचं वाचा.

तो पळत नाहीये. ट्रान्सपोझिशन चुकलं असतं तर पूर्ण पट्टीत चुकलं असतं. ऑल्टोवर लिहिलेला पांढरी एकचा सा काळी दोनचा ऐकू येतो, म्हणजे तुमचा कागद त्याने तसाच वाजवला असता तर गाणं सरळ काळी दोनला गेलं असतं. दोन पट्ट्यांच्या फटीत कुणी चुकून वाजवत नाही, तेही पूर्ण ४ मिनिटं, एकसारखं.

हा सॅम्पल रेटचा घोळ आहे. त्याचा इंटरफेस सेकंदाला ४४,१०० वेळा आवाज मोजतोय आणि सॉफ्टवेअर समजतंय ४८,०००, आणि फाइलवर शिक्काही ४८ चाच मारतंय. तुमच्याकडे ती खरोखर ४८ ने वाजते, म्हणजे पावणेनऊ टक्के जलद, आणि सूर साधारण दीड पट्टी वर. २४० सेकंदांचे होतात साधारण २२०. तुमचे २० सेकंद सापडले बघा. त्याच्याच लॅपटॉपवर त्याच इंटरफेसमधून ऐकलं की दोन्ही चुका एकमेकींना खातात, त्यामुळे "माझ्याकडे बरोबर वाजतं" हे तो शंभर टक्के खरं बोलतोय.

उपाय असा: ताणलेली फाइल फेकून द्या, मूळ फाइल परत आणा. रीपरमध्ये त्यावर क्लिक करून एफ२ दाबा, प्लेबॅक रेट ०.९१८७५ टाका, आणि खाली सूर तसाच ठेवण्याची जी टिकमार्क आहे ती काढा. लय आणि सूर दोन्ही एकदम जागेवर येतील. पुढच्या वेळेपासून दोघांनी ४८ ठरवा आणि त्याने इंटरफेसच्या स्वतःच्या कंट्रोल पॅनलमध्ये जाऊन तिथेही ४८ आहे ना बघायचं. फाइल वेव्ह, २४ बिट, आणि शून्यापासून सुरू झालेली, मधूनच तोडलेली नको.

लाइव्हचं विसरा. स्विंडन ते पुणे सरळ रेषेत ७ हजार किलोमीटरच्या वर, फायबरमधून प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो, म्हणजे काहीही केलं तरी एका बाजूचे ३५ मिलिसेकंद गेलेच. तुमचं पिंग १६०, म्हणजे एका बाजूला ८०. हवेत आवाजाला १ मीटरला ३ मिलिसेकंद लागतात, त्या हिशोबाने पात्रांव तुमच्यापासून २७ मीटरवर उभा राहून वाजवतोय. २५-३० मिलिसेकंदांच्या पुढे माणसं एकमेकांची वाट बघायला लागतात आणि लय मंदावत जाते. जॅमुलस, सोनोबस चांगले आहेत पण जवळच्या जवळ, पुणे-मुंबई वगैरे. निंजॅम नावाचा एक प्रकार आहे, तो उशीर लपवतच नाही, उलट मुद्दाम पूर्ण आवर्तनाएवढा करतो, म्हणजे तुम्ही त्याचं मागचं आवर्तन ऐकत वाजवता. १२ बारच्या ब्लूजवर गंमत म्हणून करून बघा.

---

तिरकिटधा
वायरवाला यांना दंडवत. मी तबल्याच्या बाजूने लिहितो, जॅझ ऐकतो भरपूर, वाजवत नाही.

तुमचा घोडा ६६ मुळे आहे. ६६ म्हणजे मात्रेचे तीन भाग करून दोन आणि एक, आपली तिस्र जाती. मध्य लयीला ते झुलतं. पण लय वाढली की वाजवणारे ते आपोआप सपाट करत नेतात, खूप द्रुत झालं की जवळजवळ बरोबरीला येतं. १८० ला एक मात्रा ३३३ मिलिसेकंदांची. ६६ ठेवलंत तर मधला ठोका २२० वर पडतो आणि पुढच्या मात्रेला टेकतो, टबडक टबडक. ५८ ते ६० च्या आसपास करून बघा. हे आकडे सगळीकडे सारखे नसतात, काही सॉफ्टवेअरमध्ये ५० म्हणजे सरळ आणि काहींमध्ये ० म्हणजे सरळ, त्यामुळे शेवटी कानानेच लावा. लग्गी वाजवताना आपण कुठे टक्के मोजतो?

दुसरं, सगळ्यांना एकाच खिळ्याला बांधू नका. राइड सिंबल (ड्रममधली मोठी झांज) ग्रिडवर असू दे, हायहॅट (पायाने मिटायची झांजांची जोडी) दोन आणि चारवर, बेस एखाद्या केसाने पुढे. आणि सोलो वाजवणारा मात्रेवरचा सूर किंचित मागे टाकतो, मधला सूर मात्र ड्रमरबरोबरच ठेवतो. जर्मनीत गॉटिंगेनच्या संशोधकांनी २०२२ मध्ये नेमकं हेच तपासलं. पियानोचे मात्रेवरचे सूर साधारण ३० मिलिसेकंद मागे सरकवले, मधले तसेच ठेवले, आणि ऐकणाऱ्या वादकांना तेच जास्त स्विंग वाटलं. कशामुळे वाटतंय ते त्यांना सांगता येत नव्हतं म्हणे. आपल्याकडे ठुमरी गाणारा मात्रेच्या मागे रेंगाळतो तेव्हा तो चुकला असं आपण म्हणतो का?

आता तुम्ही काय केलंत, तर मित्राची प्रत्येक नोट उचलून ग्रिडवर ठेवलीत. जे थोडंफार स्विंग तिकडून येत होतं तेच पुसलंत.

---

मधुवंती_वसई
पियानोबद्दल एक. तुम्ही पेटीवाले म्हणजे डावा हात भात्यावर आणि उजव्याने सा ग प नी सगळं भरून धरायची सवय असणार. खाली बेस सा वाजवतोच आहे, तो तुम्ही परत धरू नका. प पण सोडा. नुसते ग आणि नी धरा, कोमल शुद्ध जो असेल तो, आणि ते पण धरून ठेवू नका, टाकून मोकळे व्हा. बोलणाऱ्या माणसाला आपण मध्ये मध्ये "हं, बरं" म्हणतो ना तितपत. बेस लगेच ऐकू यायला लागेल.

---

जुना_रेडिओ
अवांतर आहे, पण राहवत नाही. तुमची जोडी नवी नाही हो. आपले सी. रामचंद्र, पुणतांब्याचे, स्वतः पेटीवाले, आणि त्यांच्या शेजारी असिस्टंट म्हणून चिक चॉकलेट, म्हणजे गोव्यातल्या हळदोण्याचा ट्रम्पेटवाला आंतोनियो शावियर वाझ. ताजमध्ये बँड वाजवायचा. १९५१ च्या अलबेलामध्ये जे स्विंग आहे ते या दोघांच्या संगतीतलं. त्या काळी कितीतरी संगीतकार चाल पेटीवर वाजवून दाखवायचे आणि गोव्याचे वादक ती स्टाफ नोटेशनमध्ये उतरवून सगळ्या बँडला वाटायचे. फरक एवढाच की ते एका खोलीत बसायचे. भांडायचे पण खोलीतच.

---

धागाकर्ता
उत्तर द्यायला दोन दिवस लागले, सॉरी.

०.९१८७५ टाकलं. हेडफोन लावून बसलो, शेवटच्या बारपर्यंत गेलो, आणि पात्रांव पांढरी एकच्या सा वर येऊन थांबला, माझ्या शेवटच्या सिंबलबरोबर. मी तसाच बसून राहिलो थोडा वेळ.

मग मूळ टेक नीट ऐकला, ग्रिडला हात न लावता. दुसऱ्या ए मध्ये चौथ्या बारला तो एक गंधार इतका मागे टाकतो की मला आधी वाटलं चुकला, आणि लगेच पुढचा सूर ड्रमवर आणून बसवतो. तिरकिटधा म्हणतात ते हेच असावं. स्विंग ५९ वर आणलं, बेस थोडा पुढे, पियानोतून सा आणि प काढले. बायको म्हणाली आता घोडा नाहीये, पण म्हणजे काय आहे ते तिला सांगता येईना. हे मी चांगलं समजतोय.

फोन केला. पहिल्यांदा उचलला नाही. मग मी वायरवाला यांची अख्खी कमेंट मेसेजमध्ये पाठवली, खाली "पात्रांव, चूक माझी" एवढंच लिहिलं. रात्री दीडला उत्तर आलं, तिकडे नऊ वाजले असतील. कंट्रोल पॅनलचा फोटो, ४४.१, त्यावर लाल गोल, आणि खाली "मेट्रोनोमचो रियाज कोणे करपाचो?"

रविवारी तो नवीन टेक घेणार आहे. जुन्या टेकमध्ये तिसऱ्या मिनिटाला गाडीच्या टपावर पाऊस सुरू होतो तो ऐकू येतो, मला तो काढायचाय, तो म्हणतो राहू दे, ड्रमवर ब्रश वाजवल्यासारखा वाटतो. वायरवाला, सॅक्सला धक्का न लावता पाऊस कमी करता येतो का?

---

वायरवाला
येतो, पण राहू द्या.