तुरीत रानतुरीचा संकर झालाय का? मदत हवी आहे

प्रश्न
देशी तुरीच्या जतन-प्लॉटच्या बांधावर रानतूर (कॅजॅनस स्कॅरॅबिऑइडिस) पसरली आहे. गेल्या वर्षी उघड्यावर (फुलं न झाकता) आलेलं बी पेरलं, त्यात 160 झाडांपैकी 3 वेगळी: पानं आखूड-रुंद, फांद्या जमिनीकडे झुकलेल्या, कोवळ्या शेंगांवर दाट लव. बी पेरताना मात्र सगळं सारखंच होतं. हा संकर की भेसळ? पुढे शुद्ध बी कसं राखायचं?

उत्तर १
बी सारखं दिसणारच. बियाचं टरफल आईचं असतं, बापाचा गुण त्यावर उतरत नाही. आता या 3 झाडांवरचं बी पाहा. रानतुरीच्या बियाला नाभीपाशी (बी शेंगेला चिकटलेलं असतं त्या खुणेपाशी) पांढरट मांसल पट्टा असतो आणि तो गुण प्रभावी आहे. तो दिसला तर संकर जवळपास नक्की. भेसळ असती तर झाड सरळ रानतूर दिसलं असतं, अधलंमधलं नाही.
जोडीला परागकण ॲसिटोकार्मिनने (सूक्ष्मदर्शकाखाली पाहायला वापरतात तो लाल रंग) रंगवून पाहा. न रंगणारे, सुरकुतलेले कण शेजारच्या तुरीपेक्षा बरेच जास्त निघाले तर संशय पक्का. फक्त यावरच निकाल देऊ नका.

उत्तर २
तुरीचे परागकोश फूल उमलायच्या आदल्या दिवशीच फुटतात, म्हणून तूर स्वपरागी वाटते. पण आग्या माशी, पानकाप्या माशी नौकादल (खालच्या जोडलेल्या पाकळ्या) दाबून आत शिरतात आणि अंगावरचा बाहेरचा पराग कुक्षीवर (स्त्रीकेसराच्या टोकावर) लागतो. परपरागीकरण साधारण 20-25 टक्के धरा, जागेनुसार फार बदलतं. त्यातला बहुतेक वाटा शेजारच्या तुरीचाच, रानतुरीचा थोडा.

शुद्ध बियासाठी फुलांच्या फांदीवर मलमलची पिशवी चढवतात. ती चढवताना तीन चुका होतात. उमललेली फुलं काढतात, पण कोमेजून पाकळ्या चिकटलेली राहतात. त्यांत पराग आधीच येऊन गेलेला असतो. दुसरी, पिशवी फुलांना टेकते, मग माशी बाहेरूनच काम उरकते; आत तारेची कडी घाला. तिसरी, शेंगा पोखरणाऱ्या अळीची अंडी आत राहतात आणि तिथे तिला खाणारं कुणी नसतं. आधी शेंडे नीट तपासा. बंद पिवळ्या कळ्या ठेवा, त्यांना धोका नाही. शेंगा धरल्या की पिशवी काढून फांदीला खूण बांधा.

प्रश्नकर्ता
1 टक्का संकर असेल तर पकडायला किती झाडं लावू?

उत्तर १
300. त्यात किमान एक सापडण्याची शक्यता 95 टक्के. 160 झाडांत ती 80 च्या आसपास. ती 3 झाडं मात्र प्लॉटमध्ये फुलू देऊ नका, त्यांचाही पराग फिरतो. कुंडीत हलवण्यापेक्षा फुलं रोज खुडणं सोपं. बी तपासायला एखादी फांदी पिशवीत राखा.

उत्तर २
बांधावरची वेल फुलण्याआधी उपटा. बी कठीण कवचाचं असतं, पुढच्या पावसांतही उगवेल.