‘डायरेक्टिव्ह’ म्हणजे सूचना, निर्देश की आदेश?

तापीकाठ: विमानाच्या इंजिनांवरचा लेख मराठीत करतोय. ‘एअरवर्दिनेस डायरेक्टिव्ह’ला मी ‘उड्डाणयोग्यता सूचना’ लिहिलं, संपादक ताईंनी ‘निर्देश’ केलं. मजकूर असा: एप्रिल २०१८, अमेरिका. उडत्या विमानात सीएफएम५६-७बी इंजिनाच्या पंख्याचं पातं तुटलं, एक प्रवासी महिला गेली. तीनच दिवसांत एफएएचा (तिथल्या विमान नियामकाचा) तातडीचा डायरेक्टिव्ह निघाला: ३०,००० सायकल झालेल्या इंजिनांची पाती २० दिवसांत अल्ट्रासॉनिकने तपासा, दोष दिसला तर पुढच्या उड्डाणाआधी काढा.

भुसावळचा_फिटर: सूचना अजिबात नको. सूचना इंजिनवाली कंपनी काढते, सर्व्हिस बुलेटिन म्हणतात तिला. ती नियामकाने डायरेक्टिव्हमध्ये घेतली की सक्ती. आदेश म्हणा, विषय संपला.

कोर्टाची_पायरी: ‘निर्देश’ म्हणजे बोट दाखवणं, उल्लेख करणं. ताईंच्या मनात ‘निदेश’ असावा. पण संविधानातली निदेशक तत्त्वं बघा, कलम ३७ म्हणतं की ती कोर्टातून अमलात आणता येत नाहीत. इथे तर न पाळल्यास विमान जमिनीवरच.

अमळनेरी: तो ‘सायकल’ तसाच ठेवणार का? लोकांना हँडल दिसेल. ‘आवर्तन’ करा की!

केळीवाला_रावेर: आवर्तन? 😄 आमच्याकडे आवर्तन म्हटलं की गिरणा धरणाचं पाणी. ३०,००० आवर्तनं सुटली तर चाळीसगाव ते जळगाव वाहून जाईल भो.

अमळनेरी: मग ‘फेरी’.

भुसावळचा_फिटर: ही चूक महागात पडेल. इंजिनाचा सायकल म्हणजे एक उड्डाण, एक उतरणं. मुंबई-जळगाव एक, जळगाव-मुंबई दुसरा. आपण फेरी म्हणतो ती जाऊन येऊन. फेऱ्या मोजत बसलात तर आकडा निम्मा येईल आणि पातं मुदत उलटून फिरत राहील. तासही चालणार नाहीत. खरा ताण दर उड्डाणाला इंजिन जोर घेतं तेव्हाचा, म्हणून सायकल मोजतात.

केळीवाला_रावेर: मग ‘खेप’! ट्रकची खेप एकाच बाजूची. संस्कृत क्षेप, फेकणे. विमानही हवेत फेकलंच जातं.

कोर्टाची_पायरी: व्युत्पत्ती मान्य, पण ‘या खेपेला’ म्हणतो तेव्हा कोण काय फेकतं? अर्थ कधीच सुटला. शिवाय खेपेत माल लागतो.

केळीवाला_रावेर: दिल्लीहून रिकामा ट्रक परत आला तरी ड्रायव्हर खेप लावतो दादा. भाडं देताना कळतं.

अमळनेरी: आमच्याकडे रिकाम्या गाडीला खेप म्हणत नाहीत.

केळीवाला_रावेर: तुमच्याकडे केळी तरी किती निघतात?

तापीकाठ: मंडळी, आदेश की निदेश? ताईंना उद्या सकाळी द्यायचंय.

कोर्टाची_पायरी: थांबा, आधी सांगा, ‘पाते’ पत्रावरून आलं की पातीवरून?