मास्टर्स करून जर्मनीत कायमचं राहता येतं का? कन्सल्टंट म्हणतोय पीआर गॅरंटी

कृष्णाकाठ_२७

नमस्कार सगळ्यांना. मी मूळ सांगलीची, वय २७, बीई मेकॅनिकल, सीजीपीए ७.४. चार वर्षं चाकणला एका पार्ट्स बनवणाऱ्या कंपनीत डिझाइनला आहे, कॅटिया या डिझाइनच्या सॉफ्टवेअरवर काम करते. पगार बरा आहे पण पुढे काही दिसत नाही आणि खरं सांगायचं तर मला बाहेरच सेटल व्हायचंय, नुसती डिग्री घेऊन परत यायचं असं डोक्यात नाही.

पुण्यात एका कन्सल्टंटकडे गेले होते. त्यांनी बर्लिनमधली एक प्रायव्हेट युनिव्हर्सिटी सुचवलीये, इंजिनीअरिंग मॅनेजमेंट, पूर्ण इंग्लिशमधून, फी साधारण १४ लाख, म्हणाले जर्मन यायची काही गरज नाही, तिथे मनुष्यबळच कमी आहे त्यामुळे दोन वर्षं शिका, नोकरी लागतेच आणि पीआर, म्हणजे कायम राहायची परवानगी, गॅरंटी. घरी बाबा साखर कारखान्यातून रिटायर झालेत, दोन एकर शेती आणि घर आहे, लोन काढायचं तर घर तारण ठेवावं लागेल. बाबा तयार आहेत पण मलाच रात्री झोप लागत नाहीये. मावसभाऊ ब्रॅम्प्टनला आहे, तो म्हणतो कॅनडाला येऊ नकोस पण नीट कारण सांगत नाही.

मला एवढंच विचारायचंय की शिक्षणाच्या मार्गाने खरंच कायमचं राहता येतं का, आणि येत असेल तर नक्की कशामुळे येतं? जे स्वतः गेलेत त्यांनी प्लीज सांगा. पुढच्या आठवड्यात सीट कन्फर्म करायला २ लाख भरायचे आहेत.

नेकारकाठचा_मराठी

ताई आधी ते २ लाख भरू नका. बाकी सगळं नंतर वाचलंत तरी चालेल.

मी २०१८ च्या ऑक्टोबरला केम्निट्झला मास्टर्सला आलो, पब्लिक युनिव्हर्सिटी, तेव्हा मला फी अशी नव्हतीच, फक्त सेमिस्टरची वर्गणी, त्यात ट्राम-बसचा पासही आला. २०२१ मध्ये स्टुटगार्टजवळ नोकरी लागली आणि २०२३ मध्ये पीआर मिळाला, इथे त्याला नीडरलासुंग म्हणतात. म्हणजे मार्ग खरा आहे, खोटं नाही. पण कन्सल्टंट जो सांगतोय तो मार्ग नाही.

इथे डिग्री संपल्यावर नोकरी शोधायला १८ महिन्यांचा परमिट मिळतो, त्या काळात कुठलंही काम करता येतं, अगदी हॉटेलातलं पण. मग आपल्या शिक्षणाला साजेशी नोकरी लागली की परमिट बदलतो, आणि जर्मन डिग्री असेल तर अशा नोकरीची दोन वर्षं झाली, पेन्शनचे २४ महिने भरले, जर्मन बी१ (भाषेच्या ए१, ए२, बी१ अशा चढत्या पातळ्या असतात) असलं आणि ती ३३ प्रश्नांची लेबेन इन डॉइच्लांड परीक्षा पास असली (१५ बरोबर आले की झालं) तर पीआरला अर्ज करता येतो. ब्लू कार्डवर (ठरावीक पगाराच्या वरच्या नोकरीवाल्या पदवीधरांचा परमिट) असाल तर बी१ असताना २१ महिन्यांत आणि नुसतं ए१ असताना २७ महिन्यांत. ब्लू कार्डला पगाराची अट आहे, २०२५ साठी वर्षाला ४८,३०० युरो, आणि ज्यांची डिग्री गेल्या तीन वर्षांतली आहे किंवा जे इंजिनीअरिंगसारख्या टंचाईच्या क्षेत्रात आहेत त्यांना ४३,७५९.८०. हा आकडा दर जानेवारीला बदलतो.

आता यात बघा, युनिव्हर्सिटी फक्त पहिल्या पायरीला आहे. तिच्यानंतरचं सगळं नोकरीवर आणि नोकरी भाषेवर. मेकॅनिकलमध्ये तर जास्तच, कारण सॉफ्टवेअरवाला इंग्लिशवर निभावून नेतो एक वेळ, पण आपल्याला सप्लायरशी बोलायचं असतं, शॉप फ्लोअरवर जाऊन मशीनवाल्या माणसाला ड्रॉइंग समजवायचं असतं, तो पन्नाशीचा मास्टर काही इंग्लिश बोलणार नाही आणि त्याने का बोलावं. माझ्या बॅचला आम्ही नऊ भारतीय होतो. जे पहिल्या वर्षीच बी१ पर्यंत गेले त्यांना वेर्कस्टुडंटची कामं मिळाली, म्हणजे शिकता शिकता कंपनीत आठवड्याला २० तास, आणि त्यातल्याच कंपन्यांनी पुढे ठेवून घेतलं. जे गोदामात पॅकिंग करत राहिले त्यांचे पैसे सुटले पण डिग्रीनंतर हातात दाखवायला काही नव्हतं.

तुमचे मार्क वाईट नाहीत. बाहेरचे मार्क जर्मन श्रेणीत बदलायला इथे बव्हेरियन फॉर्म्युला लावतात, तुमच्याकडे पासिंग ४ धरलं तर ७.४ चे २.३ होतात (इथे १ सगळ्यात चांगला), आणि बऱ्याच मास्टर्सना २.५ पर्यंत घेतात. म्हणजे तुम्हाला पब्लिकला ॲडमिशन मिळू शकते, तरी १४ लाख फी कशाची भरताय?

परत_आलोय_पुण्यात

वरच्या दादांनी चांगलं सांगितलंय, मी दुसरी बाजू सांगतो कारण मी तीच चूक केलीये जी तुम्ही करायच्या बेतात आहात.

२०२१ मध्ये प्रायव्हेटलाच गेलो, नाव लिहीत नाही. कोर्स इंग्लिश, वर्गात सगळे आपलेच, हैदराबादचे, सुरतचे, नाशिकचे, खोलीत पण आपलेच, दोन वर्षांत जर्मन माणसाशी बोलायची वेळ आली ती घरमालक आणि डॉक्टर यांच्याशीच. ए२ वर अडकलो. २०२३ मध्ये डिग्री हातात आली आणि १८ महिने सुरू झाले आणि तेव्हा कळलं की ते महिने किती पटकन जातात, पहिले तीन तर सीव्ही नीट करण्यातच गेले, मग ऑटोमोबाइलमध्ये भरती थांबलेली, दोनशेच्या वर अर्ज केले, जिथे इंटरव्ह्यूला बोलावलं तिथे पाच मिनिटांनी जर्मनमध्ये सुरू करायचे आणि मी गप्प. त्यात वय तिशीच्या पुढे गेलं. हे कोणी सांगत नाही म्हणून सांगतो, विद्यार्थ्यांचा स्वस्त सरकारी आरोग्य विमा ३० वर्षं वयापर्यंतच असतो, नंतर खर्च वाढतो. ताई तुम्ही २७ च्या आहात, दोन वर्षांचा कोर्स, म्हणजे आणखी एक-दोन वर्षं उशीर केलात तर तुम्हालाही हे लागू पडेल.

२०२५ च्या सुरुवातीला परत आलो. आई काही बोलली नाही, फक्त जेवायला वाढलं. हप्ता अजून चालू आहे.

एक लक्षात घ्या, सगळ्या प्रायव्हेट वाईट असतात असं नाही, सरकारमान्य असेल तर १८ महिने मिळतात, मलाही मिळाले. पण डिग्री जर्मन सरकारमान्य संस्थेची आहे की बाहेरच्या देशातल्या कुणाची शाखा उघडलीये ते बघा, आणि वर्ग खरोखर तिथे भरतात की निम्मे ऑनलाइन ते बघा, ऑनलाइन कोर्सवर विद्यार्थी परमिट मिळायला अडचण येते. होखशुलकोम्पास नावाची साइट आहे तिथे मान्यता असलेल्या संस्था दिसतात, कन्सल्टंटच्या तोंडावर विश्वास ठेवू नका.

ओंटारियोतून_ताई

तुझा मावसभाऊ का सांगत नाही ते मी सांगते गं, बहुतेक त्याच्या मनाला लागतं.

मी २०२२ मध्ये कॉलेजच्या दोन वर्षांच्या डिप्लोमाला आले. तेव्हा हिशेब सरळ होता, डिप्लोमा, मग तीन वर्षांचं वर्क परमिट, एक वर्ष नोकरी, एक्स्प्रेस एंट्रीत (पॉइंट बघून पीआरला निवडतात ती यादी) नाव, पीआर. आम्ही आलो आणि मधेच सगळे नियम बदलले. जानेवारी २०२४ ला स्टडी परमिटवर मर्यादा आली, आधी खात्यात १०,००० डॉलर दाखवायचे ते त्याच महिन्यापासून २०,६३५ झाले आणि सप्टेंबर २०२५ पासून २२,८९५. नोव्हेंबर २०२४ पासून कॉलेज डिप्लोमावाल्यांना ठरावीक विषय असतील तरच वर्क परमिट. मार्च २०२५ ला जॉब ऑफरचे पॉइंट काढून टाकले, ज्यांनी त्या ५० पॉइंटवर भरवसा ठेवलेला त्यांचं एका रात्रीत गेलं. इथल्या अनुभवावरच्या ड्रॉचा, म्हणजे निवडीच्या फेरीचा, कटऑफ ५०० च्या वर, आणि तिशी ओलांडली की दर वर्षी वयाचे पॉइंट कमी होतात. पोस्ट ग्रॅज्युएशन परमिट एकदाच मिळतं, वाढवून मिळत नाही.

आणि गंमत नाही सांगत, खरं सांगते, माझ्या ओळखीत जे यातून सुटले ते फ्रेंच शिकलेले. फ्रेंचच्या ड्रॉचा कटऑफ बराच खाली येतो, ४०० च्या आसपास. मी आता रात्रपाळी करून सकाळी फ्रेंचच्या क्लासला बसते. देश कुठलाही घे, भाषा शिकायचीच आहे, मग ती घरी बसून, पगार चालू असताना का शिकू नये? इथे येऊन भाडं भरत शिकणं फार जड जातं.

नेकारकाठचा_मराठी

ओंटारियोच्या ताई बोलल्या ते अगदी पटलं.

खर्चाचं सांगायचं राहिलं. ब्लॉक अकाउंटला (व्हिसासाठी राहण्याच्या खर्चाचे पैसे आधीच ठेवायचं खातं) सध्या ११,९०४ युरो भरावे लागतात, महिना ९९२ प्रमाणे ते तुम्हालाच परत मिळतात, युरो शंभराच्या आसपास धरला तर १२ लाखांच्या जवळ जातं. एपीएस सर्टिफिकेटला (आपली शिक्षणाची कागदपत्रं खरी आहेत याचा दाखला) १८,००० रुपये, नोव्हेंबर २०२२ पासून ते सक्तीचं आहे, वेळ लागतो म्हणून सगळ्यात आधी ते करा. युनी-असिस्टला (बऱ्याच युनिव्हर्सिट्यांचे अर्ज घेणारी संस्था) पहिल्या अर्जाला ७५ युरो आणि पुढच्या प्रत्येकाला ३०. बाडेन-व्युर्टेम्बेर्गमध्ये, म्हणजे स्टुटगार्ट कार्ल्सरूहे वगैरे, बाहेरच्या विद्यार्थ्यांना सेमिस्टरला १,५०० युरो फी आहे, चार सेमिस्टरचे ६,०००. म्युनिकच्या टीयूने (टेक्निकल युनिव्हर्सिटी) पण २०२४ च्या हिवाळ्यापासून मास्टर्सला सेमिस्टरला ४,००० ते ६,००० सुरू केलेत, त्यामुळे जर्मनीत सगळं फुकट असं समजून येऊ नका, कोर्सच्या पानावर जाऊन बघा. शिकताना वर्षाला १४० पूर्ण दिवस काम करता येतं, मार्च २०२४ च्या आधी १२० होते. पण त्या कमाईवर लोनचा हप्ता फेडायचं गणित मांडू नका, भाडं आणि खाणं निघालं तरी खूप.

म्हणजे पब्लिकला मिळालं तर १४ लाख वाचतात आणि कदाचित घर तारण ठेवायची वेळच येणार नाही.

मिरजकर_काका

बाळ, माझा मुलगा तिकडे आहे म्हणून लिहितो. आईवडिलांचा विचार तुझ्या प्रश्नात दिसला, बरं वाटलं.

दोन गोष्टी. २०२४ च्या जून अखेरीपासून तिकडे पाच वर्षांत नागरिकत्वाला अर्ज करता येतो आणि जर्मनीला आता दुहेरी चालतं, पण आपल्याकडे चालत नाही. तिकडचा पासपोर्ट घेतला की आपला जमा करावा लागतो, मग ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या मूळ भारतीयांचं) काढायचं. ओसीआय असताना शेतजमीन वारसाने मिळू शकते, विकत घेता येत नाही. दोन एकर आहेत म्हणतेस, बाबांशी आत्ताच शांतपणे बोलून घे, आम्ही बोललो नाही आणि सातबाऱ्याच्या वेळी घरात विनाकारण कटुता आली. पीआरवर राहिलीस तर भारतीय पासपोर्ट तसाच राहतो, माझ्या मुलाने तेच केलंय.

दुसरं, मार्च २०२४ नंतर तिकडे ज्यांना पहिल्यांदा स्किल्ड परमिट मिळालं त्यांना आईवडिलांना कायम नेता येतं असा नियम आहे, पण आमच्या वयाला विमा मिळवणं हेच अवघड. त्या आशेवर घर गहाण टाकू नकोस. पेन्शनरचं घर गेलं तर परत होत नाही.

कृष्णाकाठ_२७

सगळ्यांचे मनापासून आभार. दोनदा वाचलं, मग बाबांना फोन करून वाचून दाखवलं. काका, सातबाऱ्याचं ऐकून बाबा म्हणाले हे बरोबर आहे, रविवारी ये मग बोलू.

कन्सल्टंटला फोन करून विचारलं की बी१ नसेल आणि १८ महिन्यांत नोकरी नाही लागली तर गॅरंटीचं काय, तर म्हणाले ते तुमच्या प्रयत्नांवर आहे. २ लाख भरत नाहीये. यंदाच्या हिवाळ्याच्या सेमिस्टरचा नाद सोडला, पुढच्या वर्षी पब्लिकलाच अर्ज करणार.

फक्त एक विचारायचंय, माझी शिफ्ट सहाला सुटते, चाकणहून बोट क्लब रोडच्या मॅक्सम्युलर भवनला जर्मनच्या क्लासला पोचायला ट्रॅफिकमध्ये दीड-दोन तास जातात. रानडे इन्स्टिट्यूट पण तेवढंच लांब. कोणी नोकरी करून बी१ केलंय का, किती दिवस लागले?

परत_आलोय_पुण्यात

मी आत्ता करतोय. ए२ पर्यंत झालेलं होतं म्हणून थेट बी१ ला बसलो, शनिवार-रविवारची बॅच घेतलीये, आठवड्यातून तीन दिवस पहाटे पाचला उठून तासभर शब्द आणि ऐकणं. शून्यापासून नोकरी सांभाळून वर्षभर तरी धरा, दीड वर्ष लागलं तरी घाबरू नका. ऑनलाइन बॅचेस पण असतात, पण बोलायची सवय लागायला आठवड्यातून एकदा तरी माणसांसमोर बसा. मी पिंपरीतून जातो, बाइक आहे, शनिवारी सकाळची बॅच घेणार असाल तर नाशिक फाट्यावरून पुढे सोबत जाऊ, मेसेज करा. माझी ए१ ची पुस्तकं पडून आहेत, पेन्सिलने लिहिलेलं खोडून देतो.