प्रति: विषारी साप खाल्ला तर विष चढत नाही का?

नाही चढत. विष असतं डोक्यातल्या ग्रंथींमध्ये, मांसात नव्हे, आणि मुंडकं आधीच छाटलेलं असतं. शिवाय विष म्हणजे मुख्यतः प्रथिनं. भरपूर उकळल्यावर ती निकामी होतात. धोका असलाच तर कापणाऱ्याला, कारण छाटलेलं मुंडकंही काही वेळ चावू शकतं.

हाँगकाँगला थंडीत सापाचं सूप पितात. सोललेला साप कोंबडी, डुकराची हाडं, आलं आणि संत्र्याच्या वाळवलेल्या सालीबरोबर मंद आचेवर शिजवतात. खरी कसोटी पुढे. सापाला बरगड्यांच्या शेकडो जोड्या! कमी शिजला तर मांस हाड सोडत नाही, जास्त शिजला तर बारीक काटे सुटून मांसात मिसळतात. म्हणून सोसेल इतपत गरम असतानाच ते हाताने कण्यावरून सोडवून तंतू काढायचे. मग त्यात कोंबडीचे तंतू, काळी अळंबी, दाटपणाला स्टार्चची पेस्ट. वरून अगदी बारीक चिरलेलं लिंबाचं पान आणि शेवंतीच्या पाकळ्या. चव बरीचशी कोंबडीच्या रश्शाचीच. किळस येते ती नावाची.

कच्चं पित्त किंवा रक्त दारूत घालून पिणं मात्र खरंच घातक. परजीवी आणि साल्मोनेला हे जिवाणू दारूने मरतील याची खात्री नाही.